शेजारच्या खाटेवरचा ताप

कॅज्युअल्टीत रात्री दोन खाटा शेजारी शेजारी आहेत, असं समजू. पहिल्या खाटेवर मोटारसायकलवरून पडलेला तरुण आहे. मांडीचं हाड मोडलंय, सकाळी ऑपरेशन. दुसरीवर पस्तिशीतला एक माणूस. महिना झाला, ताप उतरत नाही. पँट कंबरेला सैल झाली आहे, जिभेवर पांढरा थर आहे आणि घास गिळताना दुखतं. दोघांच्याही दंडाला रबरी पट्टा बांधला जातो, दोघांचंही रक्त काढलं जातं. पहिल्याच्या चिठ्ठीवर बाकीच्या तपासण्यांखाली ‘व्हायरल मार्कर’ असं लिहिलं जातं, म्हणजे एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड आणि सीबीसी.

आता सांगा, एचआयव्हीची शक्यता कुणाची जास्त? मांडी मोडलेल्याची रस्त्यावरच्या कुणाही माणसाइतकीच. ताप, उतरलेलं वजन आणि तोंडातला पांढरा थर घेऊन आलेल्याची त्याच्या कितीतरी पट. तरी चाचणी होते ती पहिल्याची. कारण पहिल्याच्या रक्ताशी सर्जनच्या हातांचा संबंध येणार आहे. दुसऱ्याच्या रक्ताशी संबंध आहे तो फक्त त्याच्या स्वतःच्या जगण्याचा.

हे चित्र कुठल्या एका रुग्णालयाचं नाही. देशभरात कुठल्याही कॅज्युअल्टीत थोड्याफार फरकाने हेच दिसेल. आपल्याकडे एचआयव्हीच्या चाचण्या कमी होतात, असं कुणी म्हणणार नाही. दरवर्षी कोट्यवधी होतात. अडचण वेगळी आहे. तातडीच्या विभागात चाचणी बहुतेकदा डॉक्टरच्या धास्तीपोटी होते, रुग्णाच्या निदानासाठी होत नाही. ही दिशा फिरवली, तर त्याच नळीतल्या त्याच रक्ताचा उपयोग कितीतरी वाढेल.

उज्जैनची कॅज्युअल्टी

उदाहरण म्हणून उज्जैन घेऊ. हे शहर मराठी वाचकाला परकं नाही. राजधानी ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी शिंद्यांचं ठाणं इथेच होतं. महाकालेश्वराचं आजचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभं केलं. शहरातली जुनी मराठी घरं अजूनही घरात मराठी आणि ओट्यावर माळवी बोलतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये देवळालगतचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यापासून गर्दीला हंगाम उरलेला नाही. मागचा सिंहस्थ २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे.

या शहराच्या तातडीच्या विभागात जे येतात, ते मात्र दर्शनार्थींहून अधिक आसपासच्या तालुक्यांतले. महिदपूर, बडनगर, नागदा, तराना, शेजारचं आगर. आगर रोडवर जिल्हा रुग्णालय आहे आणि त्याच रस्त्याने पुढे सुरासा गावापाशी आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. कुणी सर्पदंश घेऊन येतं, कुणी फवारणीचं औषध प्यायलेलं, कुणी छातीत कळ आलेलं, कुणी नुसताच ताप. यातल्या अनेकांसाठी कॅज्युअल्टी म्हणजे पदवीधर डॉक्टरची आयुष्यातली पहिली गाठ असते. त्याआधी गावातल्या कुणा ‘डॉक्टर’ने दोन सलाईन आणि चार इंजेक्शनं दिलेली असतात, आणि त्याच्याकडे पदवी असेलच असं नाही. बाह्यरुग्ण विभाग दिवसा चालतो आणि मजुराचा दिवस मजुरीत जातो. त्यामुळे दुखणं अगदी सहन होईनासं झालं की तो रात्री येतो. जो माणूस आरोग्यव्यवस्थेला एरवी भेटत नाही, तो इथे भेटतो. चाचणीच्या दृष्टीने कॅज्युअल्टीचं मोल एवढ्यासाठीच आहे.

मध्य प्रदेशात एचआयव्हीचं प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून कमी आहे. ती सरासरीही कमीच म्हणायची. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, २०२३ च्या अंदाजानुसार प्रौढांमध्ये ०.२० टक्के, म्हणजे हजारी दोन. पण देश एवढा मोठा की हजारी दोन म्हटलं तरी एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा आकडा पंचवीस लाखांवर जातो. यातल्या साधारण ऐंशी टक्के लोकांना आपल्या संसर्गाची कल्पना आहे. उरलेल्या पाचव्या हिश्शाला ती नाही. जागतिक उद्दिष्ट ९५ टक्क्यांचं आहे. उपचार सुरू झालेल्यांमध्ये विषाणू दाबून ठेवण्याच्या बाबतीत भारताची कामगिरी चांगली आहे. घोडं अडतं ते पहिल्याच पायरीवर, निदानापाशी.

कमी प्रमाणाचा एक उलटा परिणामही होतो. जो आजार वर्षात क्वचित दिसतो, तो डॉक्टरच्या मनात पटकन येत नाही. पावसाळ्यात उज्जैनमध्ये ताप म्हटला की डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड हीच नावं ओठांवर असतात. आणि ते चूकही नाही, कारण बहुतेक वेळा तेच असतं. राहून जातो तो उरलेला एक.

तीन घड्याळं

उज्जैन हे वेळ मोजणारं गाव. भारतीय ज्योतिषाने रेखांशाचा आरंभ इथून धरला, सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात इथे वेधशाळा बांधली. एचआयव्हीचं निदानही शेवटी वेळेचंच गणित आहे. फक्त इथे तीन घड्याळं वेगवेगळ्या गतीने चालतात.

पहिलं घड्याळ तासांचं. रात्रपाळीच्या नर्सला इंजेक्शनची सुई टोचली, किंवा लैंगिक अत्याचार झालेली स्त्री तपासणीला आली, तर संसर्ग रोखण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम. ही औषधं २८ दिवस घ्यायची असतात. बाधित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक. शक्यता छोटी आहे, पण औषधाने ती आणखी खूप छोटी होते. जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही आणि समोरच्याच्या रिपोर्टसाठी अडून राहायचं नाही. हे घड्याळ कॅज्युअल्टीतच सुरू होतं आणि तिथेच वाया जातं.

दुसरं घड्याळ आठवड्यांचं. विषाणू शरीरात शिरला की लगेच चाचणीत दिसत नाही. आपल्याकडच्या बहुतेक झटपट चाचण्या विषाणू शोधत नाहीत, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात. ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, काहींना तीन महिन्यांपर्यंत. विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या चाचण्या काही दिवस आधी उत्तर देतात, विषाणूचं जनुकद्रव्य शोधणारी चाचणी त्याहून आधी. या मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. याच काळात अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं, गाठी सुजतात. हुबेहूब व्हायरल तापासारखं. आठवडा-दोन आठवड्यांत ते आपोआप जातं आणि विसरलंही जातं. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मात्र याच दिवसांत भयंकर वाढलेलं असतं.

इथे पहिल्या खाटेकडे पुन्हा बघावं लागतं. ऑपरेशनपूर्वीची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून सर्जन निर्धास्त होतो. पण विंडो पिरियडमधला रुग्ण निगेटिव्ह दिसतो आणि त्याच वेळी सर्वांत जास्त संसर्गक्षम असतो. उलट, वर्षानुवर्षं नियमित गोळी घेणाऱ्या पॉझिटिव्ह माणसाच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नसतो. सर्जनचं खरं रक्षण करतात ते हातमोजे, चष्मा, सुई टाकायचा कडक डबा आणि प्रत्येक रुग्णाचं रक्त बाधित असू शकतं असं धरून काम करण्याची सवय. रिपोर्टचा कागद सुई अडवत नाही.

तिसरं घड्याळ वर्षांचं. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. उपचार नसतील तर एचआयव्ही त्या वर्षाला सरासरी ५० ते १०० ने खाली आणतो. म्हणजे आठ-दहा वर्षं माणूस धडधाकट दिसतो, शेती करतो, ट्रक चालवतो, लग्नात नाचतो. आकडा २०० च्या खाली गेला की फुप्फुसाच्या बाहेरचा टीबी, मेंदूच्या आवरणातली क्रिप्टोकोकस बुरशी, न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया असे आजार घुसतात. जागतिक आरोग्य संघटना या टप्प्याला ‘प्रगत एचआयव्ही आजार’ म्हणते. या टप्प्यावरचा माणूस कुठे पोचतो? आयसीटीसी नावाच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात नाही. तो कॅज्युअल्टीत पोचतो.

आणि तिथे एचआयव्ही ओळखला गेला नाही तर उपचारांची दिशाच चुकते. तीन आठवडे डोकं दुखणाऱ्या माणसाला सायनस किंवा मायग्रेनच्या गोळ्या मिळतात. एचआयव्ही कळला तर डॉक्टर क्रिप्टोकोकसची पट्टी-चाचणी लगेच मागवतो. ती काही मिनिटांत उत्तर देते, आणि त्या बुरशीवर औषध आहे. इथे आणखी एक बारकावा आहे. एरवी एचआयव्हीची औषधं जितक्या लवकर तितकी बरी. पण मेंदूच्या आवरणात बुरशी असेल तर आधी बुरशीवर उपचार आणि एचआयव्हीची गोळी चार-सहा आठवड्यांनी, कारण अचानक जागी झालेली प्रतिकारशक्ती सुजलेल्या मेंदूवरच उलटते. म्हणजे निदान नुसतं होऊन भागत नाही, ते योग्य क्रमाने व्हावं लागतं.

दहा हजारांतले दहा

मग आलेल्या प्रत्येकाची चाचणी का करू नये? अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सप्टेंबर २००६ मध्ये तशीच शिफारस केली: १३ ते ६४ वर्षांच्या प्रत्येकाची, कुठल्याही आरोग्यसेवेत, तो नको म्हणेपर्यंत. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून लंडन, ब्रायटन, मँचेस्टर, ब्लॅकपूल अशा जास्त प्रमाणाच्या भागांतल्या आपत्कालीन विभागांत हे सुरू झालं. ज्याचं रक्त कोणत्याही कारणाने काढलं जाईल, त्याच्या नळीतून एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी, सीचीही चाचणी होते. भिंतीवर तसं लिहिलेलं असतं, ज्याला नको असेल तो सांगतो. पहिल्याच वर्षात शेकडो नवे एचआयव्हीबाधित सापडले, आणि हेपॅटायटिस बीचे त्याहून जास्त. आधी निदान होऊन उपचार सोडून दिलेलेही परत सापडले. या योजनेची खरी ताकद अशी की तिथे कुणी कुणाकडे संशयाने बघत नाही. सगळ्यांचीच होते, म्हणून कुणाची ‘केली’ असं होत नाही.

पण हा नमुना जसाच्या तसा उज्जैनला आणता येत नाही, आणि कारण गणिताचं आहे. समजा चाचणी फार चांगली आहे: हजार बाधितांतले ९९५ पकडते आणि हजार निरोग्यांतल्या ९९५ जणांना बरोबर निरोगी सांगते. जिथे बाधितांचं प्रमाण हजारी एक आहे, तिथे दहा हजार माणसांची चाचणी केली. खरे बाधित दहा, ते जवळजवळ सगळे सापडतील. पण उरलेल्या ९,९९० निरोग्यांत हजारामागे पाच जणांना चाचणी चुकून ‘रिॲक्टिव्ह’ म्हणेल, म्हणजे सुमारे पन्नास. एकूण साठ जणांची पट्टी रंग दाखवेल आणि त्यातले खरे फक्त दहा. सहातला एक.

ही चाचणीची खोट नाही, दुर्मीळ गोष्ट शोधण्याची ती किंमत आहे. म्हणूनच आपल्याकडे एका पट्टीवर कुणालाही पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. लक्षणं नसलेल्या माणसाबाबत वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन चाचण्या लागतात. तिन्ही जुळल्या तरच निदान. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सर्व देशांना हाच तीनाचा नियम सांगितला, कारण जगभर न सापडलेले बाधित कमी होत चालले आहेत आणि खोट्या पॉझिटिव्हचा धोका त्या प्रमाणात वाढतो आहे. वरच्या उदाहरणात दुसरी, वेगळ्या घडणीची चाचणी केली की पन्नासांतला जेमतेम एखादा उरतो, तिसरीनंतर तोही नाही.

आता हेच गणित दुसऱ्या बाजूने करू. दहा हजार कुठलेही न घेता असे घ्या, ज्यांच्यात एचआयव्ही शंभरात दोघांना असेल. खरे बाधित दोनशे, खोटे रिॲक्टिव्ह पन्नासाच्या आत. आता रंग दाखवणाऱ्या पाचांतले चार खरे निघतात. पट्टी तीच आहे, फक्त ती कुणाला लावायची याचा विचार आधी केला.

असे लोक ओळखायचे कसे? यासाठी त्यांच्या चालचलनाची चौकशी करावी लागत नाही. अशी चौकशी कॅज्युअल्टीत भावासमोर, बायकोसमोर कोण खरी सांगेल? त्यांचा आजारच खूण सांगतो. टीबी, कुठलाही. चाळिशीच्या आतली नागीण. दम्याची औषधं चालू नसताना आणि मधुमेह नसताना तोंडात आलेला पांढरा थर. महिन्याहून लांबलेले जुलाब किंवा ताप. दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं वजन. एक्स-रेशी न जुळणारा किंवा पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. आठवडे चाललेली डोकेदुखी, तरुणपणी पहिल्यांदाच आलेली फिट. गुप्तरोग. यांना ‘इंडिकेटर कंडिशन’ म्हणतात, मराठीत ‘खुणेचे आजार’ म्हणू. ज्या आजाराच्या रुग्णांत न सापडलेल्या एचआयव्हीचं प्रमाण हजारी एकाच्या वर आहे, तिथे नेमाने चाचणी करणं परवडतं, असं युरोपात पाहिलं गेलं. आपल्या टीबी कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही चाचणी हा नियम आधीच रुळला आहे. बाकीच्या खुणांना तो लावायचा राहिला आहे.

उज्जैनसारख्या ठिकाणी शहाणपणाचा मार्ग म्हणून असा दिसतो: सगळ्यांची सरसकट नको, पण खुणेचा आजार दिसला की चाचणी विसरायची नाही. केस पेपरवर बीपी, साखर, ऑक्सिजन यांच्या शेजारी एक चौकट हवी: खुणेचा आजार आहे का? असल्यास चाचणी सुचवली का? रात्री दोनला थकलेल्या डॉक्टरच्या स्मरणशक्तीपेक्षा छापील चौकटीवर जास्त भरवसा ठेवता येतो.

सेवाग्रामची रात्रपाळी

रात्री, गर्दीत, घाईत एचआयव्हीची चाचणी करणं आपल्याकडे जमणार नाही, असं कुणी म्हटलं तर त्याला वर्ध्याकडे बोट दाखवता येतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभ्या केलेल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, प्रसूतिकक्षात चोवीस तास झटपट चाचणी ठेवण्याचा एक प्रयोग झाला. डॉ. नितिका पंत पै आणि सेवाग्रामच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. हिरडीवर फिरवायची पट्टी आणि बोटातल्या रक्ताच्या थेंबाची चाचणी, दोन्ही वापरल्या होत्या, सोबत समुपदेशन होतं.

प्रसूतिकक्ष म्हणजे बायकांसाठीची कॅज्युअल्टीच. कळा सुरू झालेल्या, कित्येकदा आधीचा एकही कागद हातात नसलेल्या स्त्रिया. १,२५२ जणींना विचारलं. १,२२२ जणींनी हो म्हटलं, म्हणजे ९८ टक्के. त्यातल्या १,००३ जणींकडे आधीच्या एचआयव्ही चाचणीचा रिपोर्ट नव्हता किंवा अपुरा होता. पंधरा जणींमध्ये संसर्ग सापडला, आणि त्यातल्या अकरा जणींमध्ये तो नव्याने सापडला होता.

या आकड्यांत दोन गोष्टी आहेत. एक, ‘आपल्या बायका चाचणीला तयार होत नाहीत’ हा समज खोटा पडला. नीट विचारलं तर कळांच्या मध्येही त्या हो म्हणतात, कारण प्रश्न बाळाच्या भल्याचा असतो. दोन, चाचणी घेणारं माणूस रात्रीही हजर होतं. आज देशभरच्या सरकारी प्रसूतिकक्षांत आयत्या वेळी आलेल्या बाईची एक झटपट चाचणी करून, रिॲक्टिव्ह असेल तर औषध लगेच सुरू करायचं आणि पक्की चाचणी नंतर आयसीटीसीत, असा रिवाज आहे. म्हणजे रात्रीच्या तातडीच्या चाचणीची घडी आपल्याकडे बसलेली आहे. प्रसूतिकक्षापासून कॅज्युअल्टीपर्यंतचा व्हरांडा तेवढा तिला ओलांडता आलेला नाही.

ती तिथेच का थांबली? प्रसूतिकक्षात चाचणीचा हेतू सगळ्यांना स्पष्ट असतो: बाळ वाचवायचं. कॅज्युअल्टीत तो स्पष्ट नाही. आयसीटीसी दिवसा उघडतं, ताप रात्री येतो. समुपदेशक घरी असतो. कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या डॉक्टरला वाटतं, निदान झालं तर ते सांगायचं कोणी? मग तो ‘वॉर्डात बघतील’ म्हणतो, वॉर्ड ‘ओपीडीत बघतील’ म्हणतो, आणि ताप उतरल्यावर रुग्ण गावी जातो.

विचारायचं कसं

भारतात एचआयव्ही आहे हे कळलं, तेच कुणीतरी विचारलं म्हणून. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले, तेव्हा ‘हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे कशाला शोधता’ असंच वातावरण होतं. नमुने बाधित निघाले आणि देशाला जाग आली. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने काढलेल्या वाय. आर. गायतोंडे केंद्राने हजारोंना उपचार दिले. हे केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या दोघांचाही सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०११ मध्ये दाखवलं की बाधित जोडीदाराने लवकर उपचार सुरू केले, तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. म्हणजे एकाचं वेळेवर निदान हे त्याच्या घरच्यांचंही संरक्षण आहे.

पण विचारणं म्हणजे गुपचूप करून टाकणं नव्हे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की रुग्णाच्या, किंवा तो शुद्धीवर नसेल तर त्याच्या प्रतिनिधीच्या, माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन हवं. निकाल गुप्त राहिला पाहिजे. आणि उपचार मिळण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. पहिल्या खाटेवरच्या तरुणाची ‘मार्कर’ चाचणी न विचारता झाली असेल, तर तीही या कायद्यात बसत नाही. त्यालाही विचारायला हवं, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी म्हणून. तेव्हाच पॉझिटिव्ह निकाल त्याच्यापर्यंत पोचेल. एरवी तो थिएटरच्या फळ्यावर एका सांकेतिक खुणेच्या रूपात पोचतो, आणि ज्याचा आहे त्यालाच सर्वांत शेवटी कळतो.

संमती म्हणजे चार पानांचा फॉर्म नाही. दोन मिनिटांचं बोलणं पुरतं, फक्त ते नातेवाइकांना चहाला पाठवून व्हायला हवं. डॉक्टर पडदा ओढून म्हणतो:

“भाऊ, ताप महिनाभर उतरत नाही, वजनही गेलंय. असं होतं तेव्हा आम्ही टीबी, साखर आणि एचआयव्ही तिन्ही बघतो. रक्त काढलेलंच आहे, पुन्हा सुई नाही. काही निघालं तर रोज एक गोळी असते, सरकारी दवाखान्यात फुकट. वेळेवर सुरू केली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. रिपोर्ट फक्त तुम्हाला सांगू. करू का?”

या बोलण्यात ‘तुम्ही कुठे गेला होतात’ हा प्रश्न नाही. आजार आहे, त्याचं कारण शोधायचंय, एवढंच आहे. उज्जैनमध्ये हे माळवीत किंवा हिंदीत होईल, पण त्याचा सूर हाच राहील.

निकाल सांगतानाही शब्द मोजून वापरायचे. रात्रीच्या एका पट्टीवर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द उच्चारायचा नाही. “पहिल्या चाचणीत काहीतरी दिसतंय, सकाळी आपण ते पक्कं करू.” हे वाक्य त्याला द्यायचं, आणि सकाळपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. ही ओळ केस पेपरवर लिहायची नाही, कारण तो कागद मेव्हण्याच्या हातात असतो. वेगळी वही हवी, आणि कॅज्युअल्टीत समुपदेशकाचा फोन नंबर. एरवी कुणाला एकट्याने विचारायचं असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ आहे.

सकाळपर्यंत

एवढं जमवायला नवी यंत्रं लागत नाहीत. प्रसूतिकक्षात असतात तशी किट कॅज्युअल्टीच्या फ्रिजमध्ये. रात्रपाळीच्या दोन-तीन परिचारिकांना पट्टी वाचण्याचं आणि बोलण्याचं प्रशिक्षण. केस पेपरवर एक चौकट. आणि सर्वांत महत्त्वाचं, सकाळी कुणीतरी जबाबदारीने येऊन विचारणं की रात्री कुणाची पट्टी रंगली होती. चाचणी आणि उपचार यांच्यामध्ये माणसं गळतात ती याच जागी. एचआयव्हीचे उपचार देणारं एआरटी केंद्र उज्जैनमध्येच आहे. पण त्याच शहरातल्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत ‘तुम्ही जा’ म्हणून पाठवलेला माणूस वाटेत देवास गेटच्या बसस्टँडवरून गावची बस पकडतो. सोबत कुणी चालत गेलं, तर पोचतो.

मोजायचं काय, हेही बदलायला हवं. किती चाचण्या झाल्या हा आकडा सोपा आहे आणि फसवा आहे. ऑपरेशनपूर्व मार्करने तो आपोआप फुगतो. खरे प्रश्न तीन. खुणेचा आजार घेऊन आलेल्यांपैकी कितींना चाचणी सुचवली? रिॲक्टिव्ह आलेल्यांपैकी कितींचं निदान पक्कं झालं? पक्कं झालेल्यांपैकी किती जण औषधावर आहेत? महिन्याअखेरीस हे तीन आकडे कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लागले, तर बाकीचं बरंच आपोआप सुधारेल. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनच्या रुग्णालयांत खाटा, रुग्णवाहिका आणि माणसं वाढवावीच लागतील. त्यांना तयार करताना ही एक सवय सोबत लावली, तर मेळा उठल्यावरही ती शहरापाशी राहील.

दुसऱ्या खाटेकडे शेवटचं बघू. पडदा ओढला गेला, दोन मिनिटं बोलणं झालं, तो हो म्हणाला. पट्टीवर रंग आला. सकाळी समुपदेशक खाली आली, उरलेल्या चाचण्या जुळल्या. पोटातल्या गाठींमध्ये टीबी निघाला, मेंदूच्या आवरणात काही नव्हतं. टीबीची औषधं त्याच दिवशी सुरू झाली, दोन आठवड्यांत एचआयव्हीची गोळी. बायकोची चाचणी तिच्या संमतीने झाली. एका वेगळ्या रात्री हाच माणूस टायफॉइडच्या गोळ्या घेऊन घरी गेला असता, आणि चार महिन्यांनी स्ट्रेचरवर परत आला असता. दोन्ही रात्रींत त्याचं रक्त मात्र काढलेलंच होतं.